नदीकाठची बाग मोजायची कशी? मुठा, आंबील ओढा आणि माझा पहिला सिनॉप्सिस

मार्केट यार्डात राहणाऱ्या माणसाला नदी दिसत नाही. पहाटे तीनपासून ट्रक आणि टेम्पो लागलेले, हमालांच्या हाका, कोबीच्या पाल्याचा आणि ओल्या बारदानाचा वास. नदी म्हणजे पलीकडे कुठेतरी, डेक्कनला जाताना पुलावरून दिसते ती. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. पीएचडीसाठी 'नदीकाठची उद्यानं' हा विषय घेतला तेव्हा म्हणूनच मी यादी करायला घरातून बाहेर न पडता गूगल मॅप उघडला होता.

मागच्या काही लेखांत आपण संशोधन प्रश्न कसा मांडायचा, एकक म्हणजे काय, चल म्हणजे काय हे बघितलं. आज तेच एका खऱ्या विषयावर लावून बघू, आणि थोडी टीका करू. टीका दोन गोष्टींवर आहे. एक, माझ्याच पहिल्या सिनॉप्सिसवर. दोन, पुण्यात नदीकाठ सुधारण्याची जी भाषा वापरली जाते तिच्यावर. दोन्हींत चूक एकच आहे असं माझं म्हणणं आहे. आपण बाग मोजतो, पण ती बाग नदीच्या कुठल्या जागेवर उभी आहे हे विचारत नाही.

सिनॉप्सिस काय होता

शीर्षक होतं 'पुणे शहरातील नदीकाठची उद्याने : उपलब्धता व वापर'. पद्धत अगदी सरळ. नदी किंवा ओढ्यापासून ५०० मीटरच्या आतल्या सगळ्या बागा घ्यायच्या, त्यांचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला आसपासच्या लोकसंख्येने भागायचं, दरडोई किती चौरस मीटर आले ते बघायचं. मग दोनशे लोकांना प्रश्नावली. किती वेळा येता, कशासाठी येता, समाधानी आहात का.

गाईड मॅडमनी वाचलं आणि एकच विचारलं, "यातली कुठली बाग पावसाळ्यात पाण्याखाली जाते?"

मला माहीत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आणि जाते तेव्हा ती त्या बागेची चूक धरायची की तिचं काम?"

त्या दिवशी घरी आले तेव्हा राग आला होता. आता वाटतं, या दोन प्रश्नांवर माझा सगळा प्रबंध उभा आहे.

आधी आकडा तपासा

दरडोई हिरवी जागा हा आकडा कुठून येतो? केंद्र सरकारच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. ते ठीक, दस्तऐवज समोर आहे, उघडून वाचता येतो. पण बऱ्याच शोधनिबंधांत आणि बातम्यांत 'जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ९ चौरस मीटर' असं वाक्य सापडतं. मी त्याचा माग काढायला बसले. एका निबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तिसऱ्याने एका वेबसाईटचा. तीन दिवस गेले, संघटनेचं मूळ पान काही हाती आलं नाही. मी सिनॉप्सिसमधून ते वाक्य काढून टाकलं.

पेट देऊन नुकतेच आत आलेल्या मित्रमैत्रिणींना हे मुद्दाम सांगते आहे. संदर्भसूचीत नाव असलं म्हणजे आकडा खरा असतो असं नाही. व्हायवाला एखाद्या परीक्षकाने 'हे कुठल्या पानावर?' असं विचारलं तर आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे.

पण आकडा बरोबर असला तरी मोठी अडचण राहतेच. दरडोई चौरस मीटर या मापात सगळी हिरवी जागा सारखी होते. टेकडीवरची, तळं बुजवून केलेली, ओढ्याच्या काठावरची, काँक्रीटच्या भिंतीवर मातीचा थर देऊन लावलेली. चार वेगळ्या वस्तू एकाच टोपलीत. मार्केट यार्डातला कुठलाही आडत्या असं करणार नाही. तो आधी प्रतवारी करतो, मग वजन करतो.

प्रतवारीचं पहिलं उदाहरण : सारसबाग

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असं येऊन मुठेला मिळतो. पूर्वी तो जुन्या पुण्याच्या पेठांतून वाहत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. त्या तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४मध्ये, गणपतीचं देऊळ बांधलं गेलं. आजही जुने पुणेकर त्याला 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तळं मात्र नाही. ते विसाव्या शतकात गेलं आणि तिथे सारसबाग आणि पेशवे पार्क आले. फुलराणीत बसलेल्या तीन पिढ्यांना आपण एका तळ्याच्या जागेवर फिरतो आहोत याची कल्पना असतेच असं नाही.

माझ्या पहिल्या तक्त्यात सारसबागेला भरपूर गुण होते. मध्यवर्ती, मोठी, रोज हजारो लोक, संध्याकाळी बाहेर भेळेच्या आणि पावभाजीच्या गाड्या. माणसाच्या बाजूने बघितलं तर शहरातली सर्वांत यशस्वी बाग. पाण्याच्या बाजूने बघितलं तर तिथे पाणी थांबायची एक जागा कमी झाली.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. ते तळं नैसर्गिक नव्हतं, माणसाने केलेलं होतं. त्यामुळे 'निसर्गावर अतिक्रमण झालं' असं सरळ म्हणता येत नाही. शिवाय सारसबाग नसती तर तिथे इमारती आल्या असत्या ही शक्यता कोणीही नाकारणार नाही. मुद्दा इतकाच की एकाच जागेची दोन खाती असतात, एक माणसांचं आणि एक पाण्याचं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये दुसरं खातं उघडलेलंच नव्हतं.

दुसरं उदाहरण : कात्रज

त्याच ओढ्यावर वर जाऊ. पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय १९९९मध्ये कात्रजला हलवलं, ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. एकूण जागा सुमारे १३० एकर, त्यातलं ४२ एकर तळं. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जागा पाण्याची आहे. रविवारी वाघ बघायला आलेली पोरं तळ्याच्या काठाने चालतात आणि त्याच वेळी ते तळं डोंगरावरून येणारं पाणी धरून ठेवायचं कामही करतं. दोन्ही खाती एकाच ठिकाणी जमेची.

पण तळ्याच्या मागे डोंगर आहे. तळं आधीच भरलेलं असेल आणि वर पाऊस कोसळला तर जास्तीचं पाणी सांडव्यावरून ओढ्यातच येणार. किती वेगाने येणार हे वरच्या उतारावर झाडी आहे, मुरूम आहे की सिमेंट आहे यावर ठरतं. १९९७मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान आरक्षित केलेलं आहे. त्याला नदीकाठचं उद्यान कोणी म्हणत नाही. तिथे बाक नाही, कारंजं नाही, प्रवेशद्वारावर कोनशिला नाही. पण ओढ्याच्या दृष्टीने बघितलं तर नदीकाठची बाग तिथून सुरू होते. माझ्या ५०० मीटरच्या पट्ट्यात ती आलीच नव्हती. आपण नकाशावर ओढलेली रेघ काय आत घेते आणि काय बाहेर ठेवते, हा पद्धतीचा मुद्दा आहे आणि पद्धतीच्या प्रकरणात त्याचं समर्थन लिहावं लागतं.

२५ सप्टेंबर २०१९

त्या रात्री आम्ही मार्केट यार्डात फक्त पाऊस ऐकत होतो. वीज गेली, गल्लीत घोट्यापर्यंत पाणी आलं, गाळ्यांच्या बाहेरचे क्रेट तरंगले, इतकंच. आमच्या घरापासून अरण्येश्वर चालत अर्ध्या तासावर आहे. बिबवेवाडीकडून सिटी प्राईडला निघायचं, सातारा रस्ता ओलांडायचा, की आलंच. तिथे त्याच वेळी आंबील ओढा सोसायट्यांच्या तळमजल्यात शिरला होता. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून त्या पावसात २०हून अधिक माणसं मेली. वाहून आलेल्या गाड्या एकमेकींवर चढलेले फोटो तुम्ही बघितले असतील.

एका साध्या ओढ्याने, ज्याला बहुतेक लोक 'नाला' म्हणतात, एवढं केलं. त्यानंतर काय झालं हेही लक्षात घ्यायला हवं. ओढ्याला जागा हवी हे सगळ्यांनी मान्य केलं. पण जागा कोणी द्यायची? २४ जून २०२१ला दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वस्तीतली घरं पाडायची कारवाई सुरू झाली, ऐन पावसाळ्यात आणि करोनाच्या काळात. लोक रस्त्यावर आले आणि न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. ओढा सरळ करायचा, त्यासाठी काठावरची वस्ती हलवायची, असा बेत होता.

इथे मला माझ्या विषयातलं सगळ्यांत अवघड वाक्य लिहावं लागतं. 'नदीला जागा द्या' ही मागणी बरोबर आहे, आणि तीच मागणी सगळ्यांत गरिबांची घरं पाडायलाही वापरता येते. ओढ्याच्या पात्रात सोसायटीची सीमाभिंत असते, पार्किंग असतं, रस्त्याचा पूल असतो, वस्तीही असते. कोणाकडून किती जागा परत घेतली याचा हिशेब न मांडता केलेली नदीकाठची बाग मला अर्धवट वाटते, मग ती कितीही हिरवी असो.

आता मोठ्या प्रकल्पाकडे

पुणे महापालिकेचा मुळा-मुठा नदीकाठ विकास प्रकल्प तुम्हाला माहीत आहेच. मुळा २२.२ किलोमीटर, मुठा १०.४, संगमानंतरची मुळा-मुठा ११.८, असा एकूण ४४.४ किलोमीटरचा नदीकाठ. खर्च सुमारे ४,७०० कोटी रुपये. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी डिझाईनचा, ज्यांनी साबरमतीचा केला. भूमिपूजन ६ मार्च २०२२ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पर्यावरण मंजुरीवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली गेली.

आधी प्रकल्पाच्या बाजूने बोलू, कारण समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्याशिवाय केलेली टीका पुनरावलोकनात टिकत नाही. आज मुठेकाठी जायला धड वाट नाही. राडारोडा, कचरा, सांडपाण्याचा वास. म्हाताऱ्या माणसाला, व्हीलचेअरवरच्या माणसाला, संध्याकाळी एकट्या मुलीला काठावर जाता येत नाही. सलग पायवाट, उजेड, बसायला जागा, खाली उतरायला पायऱ्या या गोष्टी शहराला हव्या आहेत. प्रकल्पाचं असंही म्हणणं आहे की पात्र नीट केल्यावर पुराची पातळी वाढणार नाही, उलट खाली येईल. हा तांत्रिक दावा आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, तपासण्यासारखा आहे.

विरोधकांचा मुख्य आक्षेप उलटा आहे. पूररेषेच्या आत भराव आणि तटबंध घातले तर पात्राचा छेद कमी होतो, तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायला लागतं आणि पातळी वाढते. शिवाय काठावरची झाडी, दलदल, गवताळ पट्टे जातात. येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखला जाणारा पक्ष्यांचा भाग आहे. इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्या प्रकाश गोळे यांनी या नदीवरच्या पक्ष्यांकडे पुणेकरांचं लक्ष वेधलं होतं. नकाशात तो भाग हिरवाच दाखवला जातो आणि प्रकल्पानंतरही हिरवाच दाखवता येईल. हिरवळ आणि बाभळीची ओली राई यांना नकाशात एकच रंग असतो.

माझी स्वतःची टीका मात्र संकल्पचित्रांवर आहे. हजारो लोकांनी प्रकल्प अहवाल वाचलेला नाही, चित्रं मात्र बघितली आहेत. त्यामुळे चित्रं हाही संशोधनाचा मजकूर आहे. ती नीट बघा. बहुतेकांत पाणी काठोकाठ, निळं आणि स्थिर. माणसं वरच्या पायवाटेवर. ऋतू कुठला ते कळत नाही. आता आपली खरी मुठा आठवा. वरती खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणं. पावसाळा सोडला तर धरणातलं पाणी शहराला आणि कालव्याला जातं, आणि पात्रात जे वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. पावसाळ्यात विसर्ग सुटला की भिडे पूल पाण्याखाली आणि नदीपात्रातला रस्ता बंद. म्हणजे खऱ्या मुठेची दोन रूपं आहेत, आणि चित्रातलं तिसरं रूप या दोन्हींत बसत नाही. ते आणायला बंधारे घालून पाणी अडवावं लागतं. अडवलेलं पाणी स्वच्छ राहायचं असेल तर आधी सगळं सांडपाणी शुद्ध व्हायला हवं. त्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याचा शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प वेगळा आहे. दोन्हींचा क्रम महत्त्वाचा, पण चित्रात क्रम दाखवता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते ४४.४ किलोमीटर. या आकड्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा आहे. आंबील ओढा, नागझरी, रामनदी, देवनदी, भैरोबा नाला यांची लांबी त्यात नाही. पुण्यात २०१९ची माणसं मेली ती मुठेच्या पुराने नाही, ओढ्याच्या पुराने. नदीकाठाचा एवढा मोठा आराखडा उपनद्यांच्या तोंडाशी येऊन थांबत असेल, तर त्याला नदीचा आराखडा म्हणायचं की काठाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ओढ्यांसाठी स्वतंत्र कामं होतात, सीमाभिंती बांधल्या जातात, पूल रुंद होतात. पण ती ड्रेनेजची कामं म्हणून होतात, बागेची म्हणून नाहीत. पाणी मात्र एकच असतं.

एका आकड्याचं कोडं

थोडं संशोधनाचं कसं काम चालतं ते दाखवते. महाराष्ट्रात निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुठेसाठी निळ्या रेषेला ६० हजार क्युसेक आणि लाल रेषेला १ लाख क्युसेक विसर्ग धरलेला आहे. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. ६० हजारांच्या रेषेपेक्षा पाणी कितीतरी कमी, मग घरात कसं आलं?

लगेच एका कारणावर उडी मारू नका. निदान तीन स्पर्धक गृहीतकं मांडता येतात. पहिलं, घरंच निळ्या रेषेच्या आत आहेत. दुसरं, पात्रात राडारोडा आणि भराव पडून नदीची वहनक्षमता कमी झाली आहे, म्हणजे कागदावरची रेषा जुनी झाली. तिसरं, धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस ओढ्यांतून येऊन विसर्गात मिसळला, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी ३५ हजारांपेक्षा जास्त होतं. प्रत्येक गृहीतकाला वेगळा पुरावा लागतो : पहिल्याला सर्वेक्षणाचा नकाशा, दुसऱ्याला पात्राचे जुने आणि नवे छेद, तिसऱ्याला तासातासाचा पाऊस. आणि तिन्ही थोडीथोडी खरी असू शकतात. नदीकाठच्या बागेच्या दृष्टीने दुसरं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण बागही भराव घालूनच होते.

बाहेर काय झालं

तुलनेसाठी दोन उदाहरणं घेऊ. अहमदाबादला साबरमतीचं पात्र सगळीकडे २६३ मीटर इतकं एकसारखं केलं आणि काठावर लांबच लांब पायवाटा आल्या. लोक जातात, त्यांना आवडतं. त्यातलं पाणी मात्र नर्मदेच्या कालव्यातून आलेलं.

जर्मनीत म्युनिकमध्ये इसार नदीवर २००० ते २०११ या काळात ८ किलोमीटरवर उलटं काम केलं. पूर्वी सरळ आणि दगडबंद केलेलं पात्र पुन्हा रुंद केलं, काठ उतरते केले, गोट्यांचे बेट तयार होऊ दिले. उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात, गोट्यांवर पडून असतात. पूर आला की तीच जागा पाण्याखाली जाते आणि शहराने ते मान्य केलेलं आहे. मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. पाण्याखाली जाणं हे त्या बागेचं काम आहे.

म्युनिकचं जसंच्या तसं पुण्यात आणा असं मी म्हणत नाही. तिथे मोसमी पाऊस नाही, सांडपाण्याचा प्रश्न त्यांनी आधी सोडवला होता. पण 'नदीकाठ सुधारणा म्हणजे पायवाट आणि भिंत' हे एकच रूप नाही, एवढं त्यावरून नक्की सिद्ध होतं.

आणि फार लांब कशाला जा? कोरेगाव पार्कात ओशो तीर्थ उद्यान आहे, ज्याला लोक अजूनही 'नाला पार्क' म्हणतात. घाण नाल्याच्या दोन्ही बाजूंनी सुमारे १२ एकरांत उभी केलेली बाग. नाला बुजवला नाही, झाकला नाही, त्याला मधोमध ठेवलं. उघडण्याच्या वेळा मोजक्याच, ही माझी तक्रार आहे. पण ओढ्याकाठी बाग करता येते याचा पुरावा शहरात आधीपासून आहे.

यादीत नसलेली बाग

आणखी एक जागा माझ्या तक्त्यात नव्हती. डेक्कनपासून म्हात्रे पुलापर्यंतचं नदीपात्र. कागदावर ते उद्यान नाही. पण रविवारी सकाळी तिथे क्रिकेटच्या दहा मॅच एकमेकींत घुसून चाललेल्या असतात, कोणी गाडी शिकतं, कोणी पतंग उडवतं, संध्याकाळी चहाच्या टपरीवर कॉलेजची पोरं. विसर्ग सुटला की सगळे गुपचूप वर येतात, पाणी उतरलं की परत खाली. तिकीट नाही, वेळ नाही, माळी नाही. मार्केट यार्डातली आमच्या ओळखीची हमालांची पोरंसुद्धा तिथेच खेळायला जातात, कारण फी लागत नाही. उद्यान विभागाच्या यादीवरून नमुना काढला की ही सगळी माणसं अभ्यासातून गळतात. यादीबाहेरची जागा ही यादीइतकीच माहिती असते.

चार प्रश्न

आता माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये क्षेत्रफळाचा रकाना आहे, पण तो शेवटी आहे. त्याआधी प्रत्येक बागेला चार प्रश्न विचारते :

१. पुराच्या वेळी या जागेत पाणी येतं का, आणि येऊ दिलं जातं का?
२. या बागेच्या वरचा ओढा किंवा डोंगर त्याच आराखड्यात आहे का, की दुसऱ्या खात्याच्या फाईलमध्ये?
३. बागेत दिसणारं पाणी कुठून येतं?
४. ही जागा आधी कोणाची होती, आणि आता फुकट कोणाला वापरता येते?

सारसबाग चौथ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात पहिली येते आणि पहिल्या प्रश्नात नापास होते. कात्रजचं तळं पहिल्यात पास. नदीपात्र तिन्हीचारीत कसं बसतं ते तुम्हीच लावून बघा. नदीकाठ प्रकल्पाला पायवाटेसाठी मी गुण देईन, पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला चित्रात नको, पात्राच्या छेदांच्या रेखाटनात हवी आहेत, आणि ती लोकांसमोर मराठीत हवी आहेत.

माझ्या पद्धतीतली उणीवही सांगून ठेवते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पातळीची मोजणी लागते आणि ती एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाही. सध्या मी पुराच्या खुणांवर काम करते आहे. अरण्येश्वर आणि आसपासच्या भिंतींवर २०१९च्या पाण्याची रेघ काही ठिकाणी अजून दिसते, काही ठिकाणी रंगाखाली गेली आहे. जिथे रेघ नाही तिथे घरातल्यांना विचारते, पाणी कुठपर्यंत आलं होतं? लोक हाताने दाखवतात. कोणी गुडघ्याला हात लावतं, एका आजींनी कपाटाच्या वरच्या फळीला लावला. मी टेपने मोजून लिहून घेते आणि त्याच जागी दुसऱ्या माणसालाही विचारते, म्हणजे आठवणीतला फरक कळतो.

तुमच्या गावात नदी नसेल तर ओढा असेल. विषय पक्का करण्याआधी एकदा उगमापासून संगमापर्यंत चालून या, शक्यतो पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा. सोबत कोणाला तरी घेऊन जा, आणि पाणी चढलेलं असेल तेव्हा काठाशी जाऊ नका. पुढच्या लेखात मुलाखतीतून मिळालेल्या अशा उंचीच्या नोंदी तक्त्यात कशा भरायच्या आणि त्यातली चूक कशी दाखवायची ते बघू. प्रश्न असतील तर खाली लिहा.